पेंटरचा हिरवा

त्या गल्लीत ज्या ज्या घरात जुना फोटो आहे, तिथल्या फोटोत एक जिना आहे. जिन्याला कोरीव कठडा, कठड्यापलीकडे तळं, तळ्यात एकच राजहंस. त्या जिन्यावर आजवर कोणी चढलेलं नाही. त्याच्या पायथ्याशी मात्र निम्मी गल्ली उभी राहून गेली. नवी जोडपी, कडेवर तान्ही मुलं घेतलेल्या आया, पहिल्या पगाराचा सूट घालून त्यात श्वास कोंडलेले तरुण. हा जिना पेंटरनं काढला होता, आपल्या फोटो स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर, थेट चुन्यावर. फोटो काळे-पांढरे असायचे, म्हणून जिनाही काळा-पांढरा. मधे राखाडीच्या इतक्या छटा, की फोटोतला संगमरवर बघणाऱ्याच्या तळपायाला गार लागावा.

"पेंटर, हातात जादू आहे तुमच्या," असं लोक म्हणायचे. पेंटर नुसती मान हलवायचा. त्याला ठाऊक होतं, जादू हातातली कमी आणि नशिबातली जास्त. काळ्या-पांढऱ्याच्या जमान्यात धंद्याला लागला म्हणून निभावलं.

कारण पेंटरला हिरवा कळत नव्हता.

समोर काही दिसायचंच नाही असं नव्हे. पण हिरवा, विटकरी, तपकिरी, गंजका ही सगळी त्याच्या डोळ्यांना सख्खी भावंडं. तोंडावळा एकच, हाक कोणत्या नावानं मारायची ते समजत नसे. शाळेत एकदा त्यानं झाड काढलं आणि पानं रंगवली. बाईंनी कागद उंच धरून वर्गाला दाखवला आणि विचारलं, "झाडाला आग लागलीय का रे?" वर्ग हसून लोटपोट. त्या दिवसापासून त्यानं रंग बघणं सोडलं आणि रंग वाचायला सुरुवात केली. खडूभोवतीच्या कागदावरचं नाव, डब्यावरचं नाव. कागद फाटलेला खडू हातात आला की पोटात गोळा यायचा. तो गोळा पुढे कधी गेलाच नाही. पोटातल्या इतर अवयवांसारखा तोही तिथे राहून काम करत राहिला.

निळ्यानं मात्र त्याला कधी दगा दिला नाही. निळा हा निळाच असायचा.

पुढे रंगीत फोटो आले. गिऱ्हाइकं म्हणू लागली, बाग काढा, फुलं काढा. तेव्हा बायको शेजारी येऊन बसायला लागली. लोकांना वाटायचं, काय जोडा आहे, नवऱ्याच्या हातात डबे देते! ती डबा द्यायची आणि सहज बोलल्यासारखं म्हणायची, "हा घ्या तुमचा हिरवा." किंवा, "अहो, लाल संपत आला बरं का." पेंटर एकटा बाहेरच्या कामावर जायचा तेव्हा ती डब्यांच्या कड्यांना दोरा बांधून द्यायची. लालला एक गाठ, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन. तो बोटांनी चाचपून रंग ओळखायचा. मुलगा लहानपणी विचारायचा, "आई, डब्यांना दोरे कशाला?"

"डबे पळून जाऊ नयेत म्हणून."

मुलाला ते पटलं. मुलाला त्यापुढे कधी काही कळलं नाही.

मग बायको गेली. ही गोष्ट माहीत असलेली दोन माणसं होती, त्यातलं एक राहिलं.

स्टुडिओ बंदच पडला होता. मुलानं लांबच्या गावी नोकरी धरली होती, तो अधूनमधून येऊन जायचा. स्टुडिओ पुन्हा उघडला तो सुनेनं. तिच्याकडे ना मोठा कॅमेरा होता ना अंधारी खोली. स्टुडिओच्या नावाचा एक वेगळा फोन, तो उभा करायला स्टँड आणि दोन दिवे, एवढ्यावर तिनं दुकान मांडलं.

"बाबा, आता पाठीमागे काही काढावं लागत नाही," तिनं समजावून सांगितलं होतं. "पाठीमागे नुसता हिरवा लागतो, सपाट. फोन तेवढा हिरवा काढून टाकतो आणि त्या जागी आपण सांगू ते घालतो. समुद्र म्हणा, चंद्र म्हणा."

"आणि समोरचा माणूस?"

"माणूस राहतो. हिरवं तेवढं जातं."

"हिरवंच का?"

"माणसाच्या कातडीत हिरवं नसतं ना कुठे, म्हणून."

पेंटरनं फोन हातात घेऊन उलटून पाहिला. हिरवं तेवढं ज्याला दिसत नाही असं यंत्र. त्याला त्या फोनबद्दल पहिल्यांदाच थोडी माया वाटली.

सुरुवातीला सुनेनं हिरवं कापड टांगलं. कापडाला चुण्या पडायच्या, चुणीत सावली पडायची आणि सावलीतला हिरवा फोनला हिरवा वाटायचा नाही. मग निरभ्र आभाळात मळकट रेघा उमटायच्या. त्या रेघा जाव्यात म्हणून तिनं अ‍ॅपमधली पट्टी थोडी पुढे सरकवली, तर किराणावाल्याच्या जाहिरातीत त्याचा अर्धा कान गेला. किराणावाला तो व्हिडिओ बघून म्हणाला, "वहिनी, उधारी मागणाऱ्यांचं ऐकू येऊ नये म्हणून केलंत होय?" तो हसला म्हणून बरं. सगळीच गिऱ्हाइकं हसत नाहीत.

"भिंतच रंगवायला हवी," सून एकदा म्हणाली आणि गप्प झाली. मागची भिंत म्हणजे जिना, तळं, राजहंस.

"मग रंगवू," पेंटर म्हणाला.

"मी रंगारी बघते एखादा."

"रंगारी कशाला? मी काय मेलोय?"

हे बोलून झालं आणि मग त्याला कळलं आपण काय बोलून बसलो. पण शब्द परत घेता येईना. घेतला असता तर कारण सांगावं लागलं असतं. शिवाय तो जिना दुसऱ्या कोणी पुसलेला त्याला बघवला नसता.

दुकानदारानं रंग मशिनीत कालवून पाठवले. दोन डबे, अगदी जुळे. एक भिंतीचा हिरवा आणि एक दाराच्या चौकटीचा फिकट विटकरी. झाकणावर नाव नाही, नुसता आकडा. पेंटरनं झाकणं उलटसुलट करून पाहिली. मग त्यानं आयुष्यभर घोटलेल्या सफाईनं, रंगाचं नाव न घेता विचारलं, "भिंतीचा कुठे ठेवलास गं?"

"हा काय उजवीकडे, बाबा. आणि आज तो शर्ट बदला हं, काम करताना," ती दाराकडे बोट दाखवून हसली. दारावर तिनं गिऱ्हाइकांसाठी कागद चिकटवला होता, 'हिरवे कपडे घालून येऊ नये.' "पाटी तुमच्यासाठी पण आहे!"

पेंटरही हसला. विनोद काय होता ते त्याला कळलं नाही. कळला नाही तरी हसायचं, हे तो फार पूर्वी शिकला होता.

सकाळभर त्यानं काम केलं. जिन्याच्या पायऱ्या वरून खाली गेल्या, मग कठडा. तळं गेलं. राजहंसापाशी हात अडला. म्हणून तो शिडीवरून उतरला, म्हटलं हंसाकडे दुसऱ्या बाजूनं येऊ. शिडी ओढली, तिच्या पलीकडे जाऊन डब्यांकडे उलट्या बाजूनं तोंड करून उभा राहिला आणि डबे होते तिथेच राहिले. आता त्याचं उजवं ते डावं झालं होतं. डोळ्यांच्या भरवशावर राहणारा कोणीही हसला असता, पण पेंटर उजव्या-डाव्याच्या भरवशावर राहणारा होता. उजव्या हाताला जो डबा आला त्यात त्यानं रोलर बुडवला, राजहंसावरून फिरवला आणि तसाच पुढे जात राहिला. सून जेवायला बोलवायला आली तोवर भिंत पूर्ण झाली होती. त्याच्या डोळ्यांना ती छान, एकसंध दिसत होती.

सून दारातच थांबली.

"बाबा, ही काय नक्षी?"

पेंटरच्या मानेवर घाम फुटला. कुठली नक्षी? कुठे? भिंतीकडे बघायचं धाडस होईना, कारण बघून काही कळणार नव्हतं, आणि बघूनही कळलं नाही हे तिला कळलं असतं.

"अस्तर आहे ते," तो म्हणाला.

"अस्तर? असं मधेच? ढगासारखं?"

"ओल धरते ना तिथे. ओलीच्या जागी आधी अस्तर द्यावं लागतं. वरून दुसरा हात फिरवला की झाकून जाईल."

"पण विटकरी अस्तर?"

"असतं तसं." आणि उगाचच, जरा चिडून, "मी हे काम तू जन्मायच्या आधीपासून करतोय."

 स्टँडवरच्या फोनशी तिनं खटपट केली. फोनचा चेहरा भिंतीकडेच होता, कारण ती एकटीच स्वतःला पडद्यावर बघत तपासणी करायची. "हे बघा," ती म्हणाली.

पेंटरनं पाहिलं. पडद्यावर समुद्र होता, निळा, शहाण्यासारखा वागणारा समुद्र. आणि त्या समुद्राच्या मधोमध भिंतीचा एक तुकडा लोंबत होता, मोठा, फाटक्या कडांचा. उजवीकडे वर आणखी एक.

"समुद्रात बेट आलंय," ती म्हणाली. "उद्या सकाळी एक शिक्षिका येतायत, व्हिडिओ करायला. त्यांना चंद्र हवाय मागे, मुलांना चंद्राच्या कला शिकवायच्या आहेत. चंद्राला असं भोक पडून कसं चालेल? होईल ना संध्याकाळपर्यंत?"

"होईल, होईल."

तिला दिव्याचा बल्ब आणायला बाजारात जायचं होतं. पायऱ्या उतरता उतरता ती आपल्या फोनवर नवऱ्याशी बोलत होती आणि तिचा आवाज खिडकीतून आत येत होता. "नाही रे, ढग ढग केलेत नुसते... हो, अस्तर म्हणतायत... नाही वाटत मला त्यांच्याच्यानं आता होईल असं. ...तेच म्हणते मी. संध्याकाळपर्यंत नाही झालं तर रंगारी बोलावते, रात्रीतून उरकून देईल... बसू देत ना आता आरामात. किती दिवस करणार?"

पेंटर भिंतीकडे पाठ करून स्टुलावर बसला.

रंगारी येईल. दारातून भिंत बघेल आणि विचारेल, हे कोणी केलं हो, आंधळ्यानं? सून म्हणेल, आमच्या बाबांनी. मग ते त्या रात्रीच गल्लीला कळेल. पेंटरला रंगच कळत नाहीत! आयुष्यभर! आणि मग घराघरांतून जुने फोटो काढले जातील, जिना बघायला, हसायला. बाईंच्या हातातला तो कागद पुन्हा उंच धरला जाईल. त्याला आरामाची भीती नव्हती. आराम म्हणजे कोपऱ्यातली खुर्ची, ती कधीतरी येणारच होती. भीती होती ती त्या हसण्याची. तो जिना त्याच्यामागे राहणारी एकच गोष्ट होती, आणि आता तर तो भिंतीवरही नव्हता, फक्त लोकांच्या फोटोंमध्ये होता.

तो उठला. बेट मधोमध होतं आणि एक उजवीकडे वर. एवढं आठवत होतं. पण मधोमध म्हणजे कुठून कुठवर? आणि हात मारायचा तो कुठल्या डब्यातून? त्यानं दोन्ही डबे खिडकीपाशी आणले, एकात एक काडी बुडवली, दुसऱ्यात दुसरी, उजेडात धरल्या. दोन काड्या, जुळ्या बहिणी. वास घेतला. वासही तोच. कड्यांना हात लावला. कड्यांना गाठी नव्हत्या.

"अगं," तो खोलीत कोणी नसताना म्हणाला. मग गप्प बसला. असं बोलायला लागलो तर खरंच खुर्चीत बसवतील.

वळला तेव्हा त्याचं लक्ष फोनकडे गेलं. फोन चालूच होता. पडद्यावर समुद्र, समुद्रात बेट, आणि बेटासमोर त्याच्या हातातली काडी. तिला टोक नव्हतं. काडी निम्म्यातून पुढे समुद्रात विरघळली होती. त्यानं डोळे चोळले. दुसऱ्या हातातली काडी पुढे केली, ती अख्खी दिसत होती, टोकाशी रंगाचा थेंबही. पुन्हा पहिली. टोक गायब.

ज्याचं टोक जातं तो हिरवा.

हे इतकं सोपं होतं की त्याला रागच आला. इतकी वर्षं, खडूवरचे कागद, झाकणावरची नावं, दोऱ्याच्या गाठी, आणि हे यंत्र तोंडावर सांगत होतं. तेही कसं, तर स्वतः हिरव्याला आंधळं होऊन.

मग त्यानं घाई केली. विटकरीचा डबा झाकण ठोकून दाराबाहेर ठेवला, की चुकूनही हाताला येऊ नये. रोलर धुतला, हिरव्यात बुडवला. शिडीवर चढायचं, दोन पट्टे मारायचे, मान मागे वळवून फोनकडे बघायचं. पडद्यावर त्याचं उजवं-डावं गोंधळायचं. हात बेटाच्या काठावर आहे म्हणेस्तोवर समुद्रातच फिरत असायचा. उतरून जवळ जायचं, बेट कुठवर आलं बघायचं, पुन्हा चढायचं. गुडघे कुरकुरायला लागले. पण बेट आक्रसत होतं. कडेनं समुद्र आत येत होता, आणि पेंटरच्या मनात आलं, हाच तो राजहंस. दोन वेळा पुसतोय आपण त्याला.

तेवढ्यात फोन वाजायला लागला.

समुद्र गेला. पडद्यावर मुलाचं नाव आलं आणि खाली दोन गोल. एक उचलायचा, एक तोडायचा, त्याच्या डोळ्यांना दोन्ही एकाच रंगाचे. एकावर वर जाणारा बाण होता, दुसऱ्यावर चष्म्याशिवाय न दिसणारं काहीतरी. घरात हा विनोदच झाला होता, बाबा फोन घेत नाहीत, तोडतात. सगळ्यांना वाटायचं म्हातारा तऱ्हेवाईक आहे, आणि तऱ्हेवाईक असणं त्याला परवडत होतं. आता मात्र त्याला एवढंच हवं होतं की समुद्र परत यावा. त्यानं एक गोल दाबला. आवाज थांबला. समुद्र परत आला, बेटाचा उरलेला खडक घेऊन.

हुश्श करून तो फोनसमोर सरळ उभा राहिला, किती राहिलंय ते नीट बघायला. आणि जागच्या जागी थिजला.

पडद्यावर त्याचं डोकं होतं. कोपरापासून खाली दोन हात होते, एका हातात रोलर. मधे काहीच नव्हतं. मधे समुद्र होता. त्याच्या छातीच्या जागी लाटा येत होत्या, जात होत्या.

त्यानं घाईघाईनं छातीवर हात ठेवला. पडद्यावरचा हात पाण्यावर टेकला. कापड लागलं बोटांना. म्हणजे आपण आहोत.

शर्ट.

हा शर्ट बायको गेल्यानंतरचा. दुकानात जाऊन त्यानं स्वतःच घेतलेला पहिला शर्ट. साधा, मातकट रंगाचा दाखवा, असं तो म्हणाला होता, आणि समोर टाकलेल्या ढिगातून त्यानंच बोट दाखवून हा निवडला होता. दुकानदार म्हणाला होता, "वा काका, तरुण दिसाल." त्याला ते बोलणं तेव्हा विचित्र वाटलं होतं. हा घालून तो मयतीला गेला होता. बँकेत गेला होता. सकाळी सून हसली होती, शर्ट बदला, पाटी तुमच्यासाठी पण आहे. म्हणजे सगळे बघत होते. तो स्वतःला एक माणूस समजून रस्त्यानं जात होता आणि लोकांना भलताच माणूस दिसत होता. आणखी काय काय असेल असं? चादरी, छत्री, बायकोला कधी आणलेली भेट?

"बाबा!"

सून दारात धापा टाकत उभी होती. "फोन का तोडलात? हे म्हणाले, लगेच तोडला, बोललेच नाहीत, बघ जाऊन. मला वाटलं शिडीवरून पडलात की काय! बल्ब तसाच टाकून आले मी दुकानात."

पेंटर फोनसमोरच उभा होता.  तिची नजर फोनवर गेली. डोकं, हात, समुद्र. मग भिंतीवर, ओल्या हिरव्या पट्ट्यांवर, मधल्या उरलेल्या विटकरी तुकड्यावर. मग दाराबाहेर ठेवलेल्या डब्यावर. मग पुन्हा त्याच्यावर. पेंटरला वाटलं, आता ती हसेल. इतकी विचित्र गोष्ट समोर दिसल्यावर कोणीही हसेल. तो वाट बघत राहिला.

ती हसली नाही. पिशवी खाली ठेवून ती हळूच म्हणाली, "त्या गाठी. माळ्यावरच्या जुन्या डब्यांना आहेत त्या. एक, दोन, तीन."

पेंटरनं रोलर या हातातून त्या हातात घेतला.

"आईंना माहीत होतं?"

"तीच सांगायची," पेंटर म्हणाला. 

"आणि ह्यांना?"

"नाही. नको सांगूस." आणि मग, लहान मुलासारखं, "रंगाऱ्याला बोलावलंस का?"

"नाही अजून."

"नको बोलावूस. थोडंच राहिलंय. मी बघून करतोय ना, ह्याच्यात बघून. होतंय बरोबर."

सून स्टुलावर बसली.  मग म्हणाली, "बाबा, निळ्यावर पण होतं हो हे."

"काय होतं?"

"हेच. भिंत निळी असती तरी चाललं असतं. फोनला काय, सांगू तो रंग तो काढतो. सगळे हिरवा करतात म्हणून मी हिरवा म्हटलं. तुम्ही नुसतं म्हणाला असतात, मला निळा बरा पडतो, तर मी काय नाही म्हणणार होते?"

 निळ्यावर होतं. एवढी सकाळ, हा घाम, अस्तराची थाप, आणि त्यामागे लागून आलेलं सगळं आयुष्य, आणि निळ्यावर होतं. पेंटरला हसू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू नव्हतं. त्यानं पाठ फिरवून रोलर डब्यात बुडवला. तिनं ते बघितलं नाही असं दाखवलं.

"वर," थोड्या वेळानं ती म्हणाली. "अजून वर. उजवीकडे. नाही, तुमच्या उजवीकडे. हं. तिथे एक ठिपका राहिलाय. ...झाला." आवाज अगदी सहज होता, भाजी निवडता निवडता बोलावं तसा. पेंटरच्या पाठीला तो आवाज ऐकू आला आणि त्यानं मागे वळून पाहिलं नाही. फोनकडेही नाही.

सकाळी भिंत वाळली होती. सुनेनं दिवे लावले, फोनमध्ये चंद्र चढवला, आणि चंद्राला कुठे भोक नव्हतं. पेंटरनं पांढरा शर्ट घातला होता. पांढऱ्याची खात्री होती. रात्रभर मात्र त्याला झोप लागली नव्हती. सुनेला नको सांगूस म्हटलं होतं खरं, पण नवराबायकोत किती दिवस राहतं? आज ना उद्या जेवताना मुलगा म्हणेल, काय हो बाबा, खरं का हे? तो कुशीवर कुशी बदलत त्या प्रश्नाचं उत्तर जुळवत राहिला होता. एकही उत्तर जुळलं नव्हतं.

शिक्षिका वेळेआधीच आल्या. दारावरचा कागद त्यांनी वाचला आणि त्या घाबऱ्या झाल्या. सून आत दिवा सरळ करत होती, दारात पेंटर होता. शिक्षिकेनं गळ्यातला स्कार्फ दोन बोटांत धरून त्याच्यापुढे केला.

"काका, हा चालेल ना? कडेला जरा हिरवट वाटतोय मला. तुम्हाला काय वाटतं?"

पेंटरनं स्कार्फकडे पाहिलं. भावंडांपैकी कोणीतरी होतं. पोटातला गोळा उठला, नेहमीच्या वाटेनं वर आला. तोंडात नेहमीची वाक्यं तयार होती. उजेडात या जरा. बघू, आत विचारतो. तुम्हाला काय वाटतं? यातलं कोणतंही चाललं असतं. पण रात्रभर तो उत्तर शोधून दमला होता, आणि मुलाला द्यायचं उत्तर इथेच, एका परक्या बाईसमोर, त्याच्या तोंडून निसटलं.

"मला नका विचारू, बाई. मला हिरवा कळत नाही."

शिक्षिका खळखळून हसल्या. "काय काका! तुम्हाला? आमच्या आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत मागे तुमचाच जिना आहे. पेंटरला म्हणे रंग कळत नाही!"

हेच ते हसणं. ज्याला तो त्या शाळेतल्या झाडापासून घाबरत आला होता, ते हे. ते आलं आणि अंगावरून निघून गेलं, आणि दारातला पेंटर होता तिथेच उभा राहिला. खरं सांगून झालं होतं आणि ते कोणाला खरं वाटलं नव्हतं. त्याला सुटल्यासारखं वाटेना आणि पकडल्यासारखंही वाटेना.

"हिरवाच आहे, बाबा," आतून सुनेचा आवाज आला. "फिकट, पण हिरवा. काढून ठेवा म्हणावं."

पेंटरनं हात पुढे केला.

"हिरवा आहे," तो शिक्षिकेला म्हणाला. "द्या इकडे, मी धरतो."